कानामागचा रंग

गेल्या रविवारी सकाळी माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम, नॉर्मल डिलिव्हरी, बाळ-बाळंतीण सुखरूप. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती सांगलीला होती आणि मी शनिवारी रात्रीच्या बसने पुण्याहून तिथे पोचले होते. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं आईच्या हातात दिलं. आईचे डोळे भरून आले. मग तिने काय केलं माहितीये? पाची बोटं मोजली नाहीत. बाळाचा कान हळूच पुढे दुमडला, पाळीमागचा रंग खिडकीच्या उजेडात बघितला आणि बहिणीच्या सासूबाईंना म्हणाली, "उजळ आहे हो!" त्यांनीही कान बघितला. मान डोलावली. पास!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही (म्हणजे बहुतेक मुलगे) त्यांच्यासाठी सांगते. नवीन जन्मलेली सगळीच बाळं लालगुलाबी दिसतात. खरा रंग पुढे काही महिन्यांत येतो. तेवढा धीर कोणाला? म्हणून कानाच्या पाळ्या बघायच्या. तिथला रंग तो खरा रंग. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही वावगं आहे असंही कोणाला वाटत नाही. अडीच तासांच्या पोरीचं हे पहिलं इन्स्पेक्शन, आणि इन्स्पेक्टर कोण, तर आजी.

मी कोपऱ्यात थर्मास घेऊन उभी होते. तोंडातून निघून गेलं, "आई, माझे कान कसे होते गं?"

कोणी काही बोललं नाही. बहिणीने डोळे मिटून घेतले. ती गोरी आहे, मी काळी. सावळी नाही, गव्हाळ तर नाहीच नाही. काळी. हा शब्द मी स्वतःसाठी वापरला की समोरचा माणूस लगेच "छे छे, तू कुठे काळी!" म्हणतो, जणू मी स्वतःला शिवीच दिली. यावरूनच काय ते समजा.

तर आजचा विषय हा. आणि आधीच सांगते, आज मी आयांच्या विरुद्ध लिहिणार आहे. आईविरुद्ध लिहू नये, पाप लागतं, वगैरे मला माहीत आहे. पण क्रीमच्या कंपन्यांवर लिहून लिहून सगळ्यांचे कीबोर्ड झिजले. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे, त्या आपल्या स्वयंपाकघरात राहत नाहीत.

कंपन्यांचा हिशेब तसा मांडलेला आहेच. 'फेअर अँड लव्हली' आपल्याकडे 1975 साली आलं. पुरुषांसाठीचं 'फेअर अँड हँडसम' 2005 मध्ये. काळी त्वचा म्हणजे दुःखी, मागे पडलेली बाई असं जाहिरातीत दाखवू नका, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे अॅस्कीने, 2014 मध्ये केले. 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, जगभर मोर्चे निघाले आणि त्या लाटेत इथे 'फेअर'चं 'ग्लो' झालं. त्याच जूनमध्ये 'शादी डॉट कॉम'ने रंगावरून स्थळं गाळायचा फिल्टर काढून टाकला, कारण त्याविरुद्ध ऑनलाईन सह्यांची मोहीम झाली होती. छान झालं. पण माझ्या आईच्या जिभेवरचा फिल्टर काढायला कुठली याचिका करायची?

आपल्या भाषेत रंगाची केवढी मोठी ड्रॉपडाऊन लिस्ट आहे ते बघा. गोरीपान, गोरीगोमटी, केतकी, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळी, काळीकुट्ट, काळी ठिक्कर. एखादी 'सावळी पण तरतरीत' असते, एखादी 'रंगाने जरा डावी पण नाकीडोळी नीटस'. तो 'पण' बघा. गोऱ्या मुलीच्या वर्णनात तो येत नाही. आणि हे बारकावे मुलीला शिकवतं कोण? शाळेत नाही शिकवत. हे आई शिकवते, कपडे घेताना, वेणी घालताना, फोटो काढताना. "तो राणी कलर ठेव बाजूला, तुला नाही उठून दिसत." सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मला माझ्या जागेचा अंदाज आला होता. गव्हाळच्या बऱ्याच खाली.

आठवीत मी शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होते. चांगली खेळायचे, खरंच. सांगलीकडच्या मुलींना खो-खो सांगायला लागत नाही. रोज चार ते सहा ग्राउंडवर प्रॅक्टिस. जानेवारीत एक दिवस आईने मला दाराशी उभं केलं, बाही वर सरकवली आणि दंडावरची सीमारेषा दाखवली. बाहीच्या आतला रंग, बाहेरचा रंग. "आधीच रंग बेताचा, त्यात हे ऊन. पुढे कसं व्हायचं?" खो-खो बंद. सर घरी आले होते विचारायला. त्यांना तिने सांगितलं की नववीचा अभ्यास सुरू करायचाय. बाबा पेपर वाचत होते. ते पेपर वाचतच राहिले. (बाबांवर वेगळं लिहायला हवं. गप्प बसलेल्या माणसावर काय लिहायचं हा प्रश्न आहे, एवढंच.)

मला खेळायला मिळालं नाही याचं दुःख आता पुसट झालंय. पुसट न झालेली गोष्ट वेगळी आहे. त्या दिवसानंतर मी आईला आनंदाच्या गोष्टी सांगायचं हळूहळू बंद केलं. कारण कुठलीही गोष्ट शेवटी तिथेच यायची. कॅम्पसमधून नोकरी लागली तेव्हा फोनवर ती म्हणाली, "बरं झालं बाई, आता निदान नोकरी तरी आहे." 'निदान' आणि 'तरी', दोन्ही एका वाक्यात. सहा महिने ऑनसाईट नेदरलँड्सला गेले, परत आल्यावर एअरपोर्टवर पहिलं वाक्य, "तिकडच्या थंडीत उजळशील वाटलं होतं." व्हिडिओ कॉलवर "किती काळवंडलीस, जेवतेस ना नीट?" मग मी व्हिडिओ बंद ठेवायला लागले. नेट स्लो आहे म्हणते. हिंजवडीत बसून नेट स्लो! तिलाही माहीत आहे की मी खोटं बोलते.

आता तुम्ही म्हणाल, अगं ती काळजीपोटी बोलते. लोक बोलतात म्हणून बोलते. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की सोमवारी परतीच्या बसमध्ये मी चक्क हिशेब केला. मोबाईलवर यादी केली: माझ्या रंगावरून मला तोंडावर बोललेली माणसं. शाळेतली दोन मुलं. एक शिवणाच्या बाई. एक पार्लरवाली. दोन स्थळं. आत्या. अशी जास्तीत जास्त अकरा नावं निघाली. पाठीमागे बोलणारे असतील शंभर, ते मला ऐकू आले नाहीत. अठ्ठावीस वर्षांत तोंडावर बोललेले अकरा 'लोक'. मग बाराव्या ओळीवर आई लिहिलं आणि पुढे किती वेळा ते लिहायला गेले. आठवड्यातून दोनदा धरलं तरी आकडा हजारात जातो. लिहिलाच नाही.

म्हणजे ज्या लोकांपासून वाचवायला ती हे करत होती, त्या सगळ्या लोकांनी मिळून मला अकरा वेळा दुखवलं. बाहेरचा पाऊस चार थेंबांचा, आणि आमच्या घराचं छप्परच गळत होतं.

आणि 'लोक' बोलले ते तरी कुणाच्या जिवावर? लग्नाच्या बायोडेटाचं बघा. आईने 'वर्ण' या रकान्यात 'गव्हाळ' लिहिलं. मी खोडून 'काळा' केलं. तिने 'निमगोरा' केलं (हे म्हणजे भांडणात भाव वाढवणं झालं!). शेवटी गव्हाळवर तह. स्टुडिओवाल्याने फोटो असा काही उजळवला की माझे दात आणि गाल एकाच रंगाचे दिसायला लागले. मग कांदेपोह्यांना आलेला मुलगा मला बघून म्हणाला, "फोटोत वेगळ्या वाटत होता." आई नंतर म्हणाली, बघ, लोक कसे बोलतात ते! अगं पण फसवलं आपण त्याला! बिचाऱ्याने डेटा मिसमॅच रिपोर्ट केला फक्त. 'वर्ण' हा रकाना आपणच छापायचा, आपणच त्यात खोटं भरायचं, आणि मग बाजार असाच आहे म्हणायचं. मुलीची आई मुलीचा रंग लपवते आणि तीच बाई मुलासाठी मुली बघायला गेली की फोटो उन्हात धरून बघते. बाजार म्हणजे ह्याच बायका, एकदा टेबलाच्या या बाजूला आणि एकदा त्या.

इथे आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांमधून मोठ्याने बोलली जात नाही. माझ्याबद्दल एक काकू लग्नात आईला म्हणाल्या होत्या, "तुमची मोठी आपल्यातली वाटतच नाही." म्हणजे काय? आपल्यातले कोण आणि बाकीचे कोण? रंगाचं बोलणं म्हणजे पुष्कळदा जातीचं बोलणं असतं, नुसतं पावडर लावून केलेलं. आईला ते वाक्य लागलं, पण लागलं ते भलत्याच कारणासाठी.

विज्ञानाचं सांगायचं तर ते फार सरळ आहे. त्वचेचा रंग बऱ्याच जनुकांच्या एकत्र कामातून ठरतो. त्यातल्या एसएलसी24ए5 नावाच्या एका जनुकावर हैदराबादच्या सीसीएमबीमधल्या संशोधकांनी काम केलं आणि 2013 मध्ये प्रसिद्ध केलं. रंग उजळ करणारा त्याचा प्रकार भारतात कमीजास्त प्रमाणात सगळीकडे पसरलेला सापडला. प्रत्येक मूल आईकडून अर्धे पत्ते घेतं, बाबांकडून अर्धे, आणि दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. म्हणून एकाच आईच्या दोन मुली दोन रंगांच्या होतात. आईने माझ्या वेळी केशर-दूध प्यायलं होतं, बहिणीच्या वेळीही प्यायलं होतं. तेच केशर, तेच दूध. आता बोला.

हे सगळं नुसतं मन दुखण्यापुरतं असतं तर मी एवढी चिडले नसते. बहिणीला तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. एक दिवस ती फोनवर हळूच विचारते, "ताई, त्या गोळ्यांनी बाळ काळं होतं का गं?" एम कॉम झालेली मुलगी! कोणीतरी सांगितलं होतं. कोणी ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. ही समजूत देशात ठिकठिकाणी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर बायकांपैकी 52 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याची कारणं अनेक आहेत, गरिबी आहे, खाणं आहे. पण ज्या घरात गोळ्या आहेत, पैसे आहेत, डॉक्टर आहे, तिथेही बाईने रंगाच्या भीतीने ती गोळी कुंडीत टाकावी?

आणि अकोल्याची ती बातमी आठवते का? 2023 मध्ये आली होती. एका कॉलेजातल्या मुलीने पार्लरमधून गोरं करणारं क्रीम आणलं. चेहरा उजळला, कौतुक झालं, म्हणून आईने लावलं, बहिणीने लावलं. काही महिन्यांत तिघींच्याही किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएममधल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेत मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळतो, आणि तोच रक्तातून किडनीत जाऊन बसतो. ते वाचताना माझ्या डोळ्यासमोर आरसा आला आणि आरशासमोर तिघीजणी. आई-मुलींनी मिळून करायच्या किती तरी छान गोष्टी असतात. त्या घरात डबी एक होती आणि हात तिघींचे.

विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं मला रविवारी दुपारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच मिळालं. आई चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ बशीकडे बघत होती. मग म्हणाली, "तुझे कान मी बघितलेच नव्हते. तुझ्या आजीने बघितले." पुढे जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझी आई स्वतः सावळी. लग्नात तिच्या रंगाच्या मोबदल्यात दोन तोळे जास्त ठरले होते. मी झाले तेव्हा आजी म्हणाली, "आमच्याकडे कुणी काळं नाही." हे वाक्य तिने आईला बाळंतिणीच्या खाटेवर ऐकवलं, आणि पुढे वर्षभर, कोणीही पाहुणा मला बघायला आला की त्याच्यासमोर. आई म्हणाली, "मला वाटायचं, आपल्यासारखं हिला नको व्हायला. आपण आधीच सांगून ठेवलं तर हिला बाहेर कमी लागेल."

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? तिचा हात धरला. आणि तरीही, बसमध्ये बसल्यावर, पुणे येईपर्यंत मी स्वतःशी भांडत होते, कारण एवढ्याने मला तिला माफ करून टाकावंसं वाटलं नाही. तिला झालेला त्रास खराच आहे. पण तिने काय केलं? आजीचं वाक्य उचललं, त्यातली धार थोडी बोथट केली, साखर घातली आणि रोज मला चमच्याने भरवलं. आमच्या धंद्यात जुना कोड असतो. कोणी लिहिला माहीत नाही, का लिहिला माहीत नाही, पण काढला तर काय कोसळेल या भीतीने प्रत्येकजण तो पुढच्या रिलीजमध्ये तसाच ढकलतो. पहिल्यांदा ज्याने ढकलला त्याची चूक असते हे मान्य. मग विसाव्याची नसते का?

शिवाय तिचं गणितच चुकलं. आधी घरात ऐकलं की बाहेर कमी लागतं, असं होत नाही. शिवणाच्या बाई बोलल्या तेव्हा मी घरी येऊन आईच्या पदरात तोंड खुपसून रडू शकले असते. रडले नाही, कारण आईचंही मत तेच होतं.

केरळच्या तेव्हाच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी मार्च 2025 मध्ये फेसबुकवर लिहिलेलं वाचलं असेल तुम्ही. त्यांच्याआधी त्यांचे पतीच त्या खुर्चीवर होते. कोणीतरी शेरा मारला की नवऱ्याचा कारभार जितका गोरा तितका हिचा काळा. राज्याच्या प्रशासनातली सगळ्यात वरची खुर्ची, तिथे बसलेल्या बाईलाही हे ऐकावं लागलं. पण मला त्या लिखाणातली दुसरीच गोष्ट रुतून बसली. चार वर्षांच्या असताना त्यांनी म्हणे आईला विचारलं होतं, की मला परत पोटात घालून पुन्हा गोरी आणि सुंदर करून बाहेर काढता येईल का? चार वर्षांच्या मुलीला गोरं आणि सुंदर हे एकच आहे हे कळलेलं असतं, आणि दुरुस्ती कोणाकडे मागायची तेही. त्यांनी हेही लिहिलंय की काळ्या रंगात सौंदर्य बघायला त्यांना त्यांच्या मुलांनी शिकवलं. आईला मुलांनी शिकवलं. उलटी गंगा म्हणा, पण वाहिली.

एका मित्राला हा मसुदा वाचून दाखवला. तो म्हणाला, 'श्यामची आई'च्या भाषेत तू हे लिहितेस? म्हटलं, बरी आठवण केलीस. आपल्या भाषेतल्या सगळ्यात लाडक्या आईच्या मुलाचं नावच श्याम आहे. श्याम म्हणजे सावळा. मुलगा होता म्हणून चालून गेलं. श्यामा असती तर पुस्तकातला निदान एक धडा डाळीच्या पिठावर आला असता. तसा आपला विठ्ठलही काळाच. त्यालाही आपण पांडुरंग म्हणतो, आणि त्या शब्दाचा सरळ अर्थ गोऱ्या रंगाचा असा होतो. देवाचाही बायोडेटा आपण दुरुस्त करून ठेवलाय!

आणि आपण? आपण फार सुधारलेले आहोत, नाही का? फोनच्या कॅमेऱ्यातला ब्युटी मोड किती जणींनी बंद केलाय? माझ्या टीममधल्या एका मुलीने लग्नाआधी ग्लुटाथायोनची इंजेक्शनं घेतली. ती दिवसभर ऑफिसात समतेवर बोलते. स्किनकेअर, ग्लो, डीटॅन असे शब्द वापरले की आईचं डाळीचं पीठ गावठी ठरतं आणि आपलं सीरम सेल्फकेअर. मीही धुतल्या तांदळासारखी (बघा, म्हणसुद्धा पांढरी!) नाही. स्कूटरवर मी अजून स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून निघते आणि ते फक्त धुळीसाठी आहेत असं सांगते.

तर बुधवारी बाळ घरी आलं. न्हाऊ घालणाऱ्या बाई आल्या. आई वाटीत साय आणि डाळीचं पीठ कालवून घेऊन आली. बहीण खाटेवरून म्हणाली, "आई, नुसतं तेल." आई म्हणाली, "अगं लव जाते त्याने." बहीण म्हणाली, "लव राहू दे." हे मला बहिणीने सांगितलं. आईने वाटी ओट्यावर ठेवली, संध्याकाळपर्यंत ती तशीच होती आणि मग तिने ती घासायला टाकली.

रात्री आईचा मला फोन. "तूच शिकवलंस ना तिला?" मी म्हटलं, "हो." तिने फोन ठेवला. गुरुवारी मी फोन केला, उचलला नाही. काल व्हिडिओ कॉल केला, कॅमेरा चालू ठेवून. बऱ्याच रिंग झाल्या.

पुढच्या शुक्रवारी बारसं आहे. रजा टाकलीये, तिकीटही काढलंय.